तिळाएवढ्या जीवाची कात

जवळा विकत घेताना कोणी त्याला प्लवक म्हणत नाही. टोपलीपुढे उकिडवं बसायचं, वाटा केवढ्याला म्हणून विचारायचं, आणि भाव ठरला की वरून आणखी एक मूठ मागायची. पण प्राणीशास्त्राच्या वहीत जवळ्याची नोंद प्राणीप्लवकांच्या पानावर सापडते. आपल्या किनाऱ्यावरचा जवळा म्हणजे मुख्यतः असेटिस इंडिकस, कोळंबीच्या दूरच्या नात्यातला. त्याला पोहता येतं, पण ओढीविरुद्ध जाण्याइतकं बळ अंगात नाही. पाणी नेईल तिकडे जायचं; अशा वाहत्या जिवांनाच प्लवक म्हणतात. डोल जाळं याच्याच भरवशावर चालतं: ओढीच्या तोंडाशी जाळं उघडं बांधून ठेवायचं, भरती-ओहोटीने माल आत लोटायचा आणि खोल्यात, म्हणजे जाळ्याच्या मागच्या पिशवीत, साठवायचा.

प्लवकांचा अभ्यास करणाऱ्याचं जाळंही असंच असतं, फरक आसाचा, म्हणजे जाळ्याच्या भोकाच्या मापाचा. डोलीच्या खोल्यातून जे जे निसटतं ते पकडायला २०० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा आस लागतो. गोव्यातल्या झुआरी नदीच्या मुखाशी अशा जाळ्याने पाच-दहा मिनिटं सावकाश ओढ घेतली, खोल्यातलं पाणी बशीत ओतलं, की तांदळाच्या पेजेसारखं काहीतरी दिसतं. पेज हलत असते. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यातले बहुतेक दाणे कोपेपॉड निघतात: अर्धा ते दीड मिलिमीटरचे, तिळाएवढे, दोन लांब मिशा आडव्या पसरलेले, झटक्याझटक्याने उडणारे. त्यांच्या सोबतीला बाणकृमी, जेलीफिशची पिल्लं, खेकड्यांच्या काटेरी डोक्याच्या अळ्या, माशांची अंडी. आयुष्यभर प्लवक म्हणूनच जगणाऱ्या प्राण्यांच्या वर्णन झालेल्या सागरी प्रजाती सुमारे सात हजार आहेत, आणि त्या पंधरा वेगवेगळ्या प्राणीसंघांतल्या आहेत. जमिनीवर एका मुठीत इतक्या लांबच्या नात्यातली मंडळी क्वचितच सापडतील.

यांना नावं कशी देतात? कोपेपॉडच्या बाबतीत बहुतेक वेळा पाचव्या पायावरून. पोहण्याच्या पायांची पाचवी जोडी पुष्कळ कुळांत पोहण्यासाठी फारशी वापरातच नसते. नरात ती मादीला धरून ठेवायला वळलेली, डावी-उजवी वेगळी, कुठे चिमट्यासारखी, कुठे नुसतीच काडी. अकार्टिया या कोपेपॉडच्या मादीत तो पाय उरतो तीन छोट्या खंडांचा आणि एका काट्याचा, आणि त्या काट्याच्या लांबीवर, त्याच्या बुडाच्या फुगीरपणावर एक प्रजाती दुसरीपासून वेगळी ठरते. तो पाय बघायचा म्हणजे ग्लिसरीनच्या थेंबात प्राणी कुशीवर निजवायचा, एका सुईने धड दाबून धरायचं, दुसऱ्या सुईने शेवटचा वक्षखंड हलकेच वेगळा करायचा. सुया टंगस्टनच्या, टोक रासायनिक झिजवून केलेलं. शिवणाच्या बारीकात बारीक सुईचं टोकही इथे पहारीसारखं दिसतं. हात बसायला महिने जातात. भारतीय समुद्रातल्या कोपेपॉडचं सविस्तर वर्णन सेव्हेल यांनी १९२९ आणि १९३२ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यातल्या रेखाचित्रांशी पाय ताडून पाहण्याचं काम आजही चालतं.

अडचण अशी की ही सगळी वर्णनं प्रौढांची. कोपेपॉडला अंड्यातून बाहेर आल्यावर सहा नॉप्लियस, म्हणजे अळीच्या, अवस्था आणि पाच कोपेपोडाइट, म्हणजे अर्धवट वाढलेल्या पोराच्या, अवस्था पार कराव्या लागतात, मग तो प्रौढ. नमुन्यात गर्दी असते ती पोरांचीच. पोरांच्या पाचव्या पायाला अजून आकारच आलेला नसतो. मग तक्त्यात ओळ येते, ‘कोपेपोडाइट, अनिश्चित’, आणि त्या ओळीपुढचा आकडा बाकी सगळ्यांच्या बेरजेपेक्षा मोठा असला तरी नवल नाही.

डीएनए बारकोडिंग आलं ते या कोंडीत. २००३ साली कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट आणि सहकाऱ्यांनी मांडलं की प्राण्यांची प्रजाती ओळखायला पूर्ण जनुकसंच वाचायची गरज नाही. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियातल्या सीओआय या जनुकाचा सुरुवातीचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा पुरे. डीएनएची ही अक्षरं चारच: ए, टी, जी आणि सी. हे जनुक श्वसनाच्या यंत्रणेतलं, म्हणून ते जवळजवळ प्रत्येक प्राण्यात असतं. त्याच्या प्रती एकेका पेशीत शेकड्यांनी असतात, म्हणून तिळाएवढ्या जीवातूनही हाती लागतं. आणि ते इतक्या वेगाने बदलतं की सख्ख्या शेजारी प्रजातींमध्येही फरक पडलेला असतो. अळी असो, अंडं असो, तुटलेली मिशी असो, अक्षरं तीच.

‘बारकोड’ या शब्दाने मात्र एक गैरसमज घट्ट बसवला आहे. दुकानात साबणाच्या वडीवरच्या रेघा यंत्राला दाखवल्या की नाव आणि किंमत येते, कारण कारखान्याने आधीच ती यादी भरून ठेवलेली असते. समुद्रात कारखानदार नाही. ६५८ अक्षरं हातात आली तरी त्यांच्यावर नाव लिहिलेलं नसतं. कोणीतरी कधीतरी पाचवा पाय बघून नाव ठरवलेलं असतं, त्याच प्राण्याची अक्षरं वाचून त्या नावाला बांधलेली असतात, आणि आपण फक्त त्या गाठीपर्यंत पोचतो. गाठ चुकीची मारली असेल तर आपलं उत्तरही शंभर टक्के जुळून चुकीचं. म्हणून या कामातली खरी मौल्यवान वस्तू म्हणजे ज्याची अक्षरं वाचली त्याच प्राण्याचं शिल्लक अंग. आणि तिळाएवढ्या प्राण्याची अक्षरं वाचायची तर अख्खा प्राणी विरघळवावा लागतो, असा सर्वसाधारण समज. या ओढाताणीतून वाट काढणं हेच बारकोडिंगचं निम्मं कौशल्य आहे, आणि ते प्रयोगशाळेत नाही, होडीवरच सुरू होतं.

होडीवर दोन बाटल्या लागतात. नमुना विभाजकात घालून दोन सारखे भाग करायचे. एक फॉर्मॅलिनमध्ये, एक इथेनॉलमध्ये. फॉर्मॅलिनमध्ये शरीर टवटवीत राहतं, पाय लवचीक राहतात, मोजणी आणि विच्छेदन दोन्ही नीट होतं. पण फॉर्मॅलिन प्रथिनं आणि डीएनए एकमेकांत गुंतवून टाकतं, डीएनएचे तुकडे पाडतं, आणि मग ६५८ अक्षरांचा सलग धागा मिळण्याची आशा जवळजवळ सोडावी लागते. १९६०-६५ या काळातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेने सगळीकडे एकाच मापाचं जाळं वापरलं: मुख एक चौरस मीटर, आस ०.३३ मिलिमीटर, ओढ २०० मीटर खोलीपासून सरळ वर. ते नमुने कोचीच्या हिंदी महासागर जीवशास्त्र केंद्रात वेगळे केले गेले. तेच केंद्र पुढे गोव्यात मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा भाग झालं. संस्थेची स्थापना १ जानेवारी १९६६ची. एवढं शिस्तीत गोळा केलेलं भांडार, पण फॉर्मॅलिनमधलं. आकार सगळे जागेवर, अक्षरं मात्र वाचता येईनात अशी. त्या काळी दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. डीएनएची रचना कळून जेमतेम दशक होत होतं.

इथेनॉलच्या बाटलीत सर्वाधिक घोटाळा होतो तो साध्या गणिताचा. प्लवक म्हणजे बहुतांशी पाणी. एक भाग प्लवकावर तीन भाग ९५ टक्के इथेनॉल ओतलं तर बाटलीत राहतं जेमतेम ७१ टक्के. एवढ्या पातळ द्रवात डीएनए चिरणारी विकरं पूर्ण थंडावत नाहीत. वरून बाटली छान दिसते, आतला धागा कुरतडला जात असतो. एकास नऊ हे प्रमाण धरलं तर ८५ टक्क्यांवर राहतं, आणि चोवीस तासांच्या आत तो द्रव गाळून ताजं ९५ टक्के भरलं की निर्धास्त. हा दुसरा भरणा पुष्कळदा राहून जातो, कारण होडीवरून उतरल्यावर सगळे दमलेले असतात. नंतर उणे २० अंशांवर. होडीवर फ्रीज नसेल तर बर्फाच्या पेटीत. उत्तर अरबी समुद्रात थंडीत हिरव्या नॉक्टिल्यूका या एकपेशीय जिवाचा बहर असेल, किंवा सॅल्प आणि जेलीसारखे पाणचट प्राणी जास्त आले असतील, तर बाटलीत निम्म्याहून अधिक तेच भरतं. ते चमच्याने आधी काढावं, नाहीतर त्यांचं पाणी सगळ्यांना बाधतं.

दुकानातलं निळं स्पिरिट चालत नाही. त्यात पिणाऱ्याने पिऊ नये म्हणून घातलेली रसायनं असतात आणि त्याची तीव्रताही भरवशाची नसते. शुद्ध अल्कोहोलसाठी उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, तेव्हा मोहिमेची तयारी कागदापासून करावी लागते, आणि कागद जाळ्याआधी हलवावा. आणखी एक कागद बाटलीच्या आत: स्थानक, अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, खोली, आस. पेन्सिलीने. बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये विरघळते आणि बाहेर चिकटवलेली चिठ्ठी पहिल्या गळतीला सुटते. नाव गेलेली बाटली फेकावीच लागते, आत काहीही असो.

आता प्रयोगशाळा. इथेनॉलमधला कोपेपॉड ठिसूळ होतो, आखडतो, त्याचा रंग आणि तेलाचा थेंब विरतो. म्हणून निवडण्याआधी, शक्य असेल तेव्हा जिवंतपणीच फोटो. तोही एक नाही: वरून, कुशीवरून, आणि मोजपट्टीसह. जिवंत निवडता आला तर गाळलेल्या समुद्रपाण्यात काही तास उपाशी ठेवावा. आतडं रिकामं झालं की पोटातल्या भक्ष्याचा डीएनए मध्ये येत नाही. अंड्यांच्या पिशव्या वागवणाऱ्या प्रजाती, उदाहरणार्थ ओइथोना किंवा स्यूडोडायाप्टोमस, या बाबतीत कृपाळू. एक पिशवी अलगद तोडली की डीएनए तिच्यातून मिळतो आणि आई अख्खी शिल्लक राहते. मायटोकाँड्रिया आईकडूनच येत असल्याने अक्षरं आईचीच. अकार्टिया अंडी सरळ पाण्यात सोडून देते, तिथे ही सोय नाही.

तिथे मग कात. निवडलेला प्राणी आधी तासभर शुद्ध पाण्यात ठेवायचा; अंगातलं इथेनॉल निघालं नाही तर ते पुढची अभिक्रिया अडवतं. मग २०० मायक्रोलिटरच्या नळीत, ५० मायक्रोलिटर क्षारीय द्रावणात: २५ मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइड, ०.२ मिलिमोलर ईडीटीए. नळीत प्राणी खरंच गेला का, हे भिंगाखाली पाहायचं. तो ड्रॉपरच्या काचेलाच चिकटून राहणं इतकं नेहमीचं की अपयशी नळ्यांतल्या काही मुळात रिकाम्याच असतात. ९५ अंशांवर ३० मिनिटं, मग चार मिनिटं बर्फावर, मग तेवढंच, म्हणजे ५० मायक्रोलिटर, ४० मिलिमोलर ट्रिस-हायड्रोक्लोराइड, पीएच ५. झालं. ऊतीतला डीएनए द्रवात उतरला. कायटिनचं कवच, पायांसकट, काट्यांसकट, नळीच्या तळाशी तसंच. स्वस्त, पाऊण तासात होणारी रीत. दोष एवढाच की हा डीएनए कच्चा असतो, टिकत नाही. थोड्या दिवसांत वापरून टाकावा. जो नमुना संदर्भ म्हणून कायमचा ठेवायचा आहे त्याच्यासाठी प्रोटिनेज-के घालून रात्रभर ५६ अंशांवर ठेवावं आणि स्तंभाच्या किटने डीएनए धुऊन घ्यावा. खर्च वाढतो, पण कात अधिक निर्मळ निघते. सापाच्या कातीसारखी, पारदर्शक, आत काहीच नाही. आणि पाचव्या पायाचा काटा पूर्वीपेक्षाही स्पष्ट, कारण मध्ये येणारे स्नायू आता नाहीत. काही बारकावे तर अशा रिकाम्या कवचातच पहिल्यांदा नीट दिसतात. पूर्वीचे अभ्यासक यासाठी लॅक्टिक आम्ल वापरत, हेतू तोच.

पुढची पायरी पीसीआर, म्हणजे हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं. त्यासाठी तुकड्याच्या दोन टोकांना चिकटून नक्कल सुरू करणारे छोटे धागे, म्हणजे प्रायमर, लागतात, आणि इथे १९९४ साली फोल्मर आणि सहकाऱ्यांनी दिलेली दोन प्रायमरांची जोडी अजून राज्य करते. एलसीओ १४९० आणि एचसीओ २१९८. हे आकडे म्हणजे एका फळमाशीच्या मायटोकाँड्रियल जनुकसंचातली जागा; समुद्रातल्या प्राण्याला माशीच्या पत्त्यावर शोधायचं, अशी गंमत. प्रायमर २५ आणि २६ अक्षरांचे, मधला तुकडा ६५८, एकूण ७०९. जेलवर, म्हणजे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या थरावर, सातशेच्या रेघेशी एक स्वच्छ पट्टा दिसला की काम झालं.

तो दिसत नाही, हा कोपेपॉडच्या बाबतीतला नेहमीचा अनुभव. मूळ कृतीत प्रायमर चिकटण्याचं तापमान ४० अंश आहे आणि ३५ आवर्तनं. पुष्कळ जण ते ५० वर नेतात, कारण पट्टा स्वच्छ येतो. पण कोपेपॉडच्या सीओआयमध्ये प्रायमरच्या जागीच बदल झालेले असतात, आणि प्रायमरच्या शेवटच्या दोन-तीन अक्षरांत एक जरी बेमेल असलं तरी विकराला पुढे सरकताच येत नाही. तेव्हा आधी ४५, मग ४० करून बघावं. तरी नाहीच, तर २०१३ मध्ये आलेली, बदलत्या जागी इनोसिन घातलेली सुधारित जोडी घ्यावी. इनोसिन कोणत्याही अक्षराशी कमीअधिक जुळवून घेतं. पण त्याआधी एक सोपा उपाय: डीएनए दहापट पातळ करून पुन्हा चालवणं. रंगद्रव्यं, तेलं आणि उरलंसुरलं इथेनॉल विकराला गुदमरवतात. पातळ केल्यावर डीएनए कमी होतो तसा त्रासही कमी होतो, आणि पट्टा उमटतो. नवशिक्याचा हात उलट जातो. पट्टा नाही म्हणून तो डीएनए वाढवतो, आणि गुदमरही वाढतो.

शंभर अक्षरांच्या खाली पुसट पट्टा असेल तर ते प्रायमर एकमेकांनाच चिकटलेत. डीएनए न घालता नुसतं पाणी घातलेल्या नळीतही सातशेला पट्टा असेल तर त्या दिवसाची सगळी नळकांडी फेकावीत, वाटून ठेवलेल्या द्रावणांसकट. कुठली बिघडली हे शोधण्यात आठवडा जातो आणि नवीन द्रावणं तासाभरात होतात.

तुकडा दोन्ही टोकांनी वाचून घ्यावा. वाचन करणारं यंत्र नकाशा देतं, चार रंगांच्या टेकड्यांची रांग: प्रत्येक टेकडी एक अक्षर. पहिल्या तीसेक टेकड्या गढूळ, मग मैदान मारल्यासारख्या रेखीव, सहाशेच्या पुढे पुन्हा बसक्या आणि एकमेकींवर रेललेल्या. एका बाजूचा गढूळ भाग दुसऱ्या बाजूच्या स्वच्छ भागाखाली येतो, म्हणून दोन वाचनं. एकाच जागी दोन टेकड्या दिसल्या तर थांबून विचार करावा. सगळीकडेच दोन-दोन असतील तर नळीत दोन प्राणी होते: एक आपला, दुसरा त्याच्या पोटातला किंवा त्याच्यावरचा परजीवी.

या टप्प्यावर एक चाचणी काहीही झालं तरी टाळू नये. सीओआय प्रथिन घडवणारं जनुक आहे, तेव्हा अक्षरांचे तीन-तीनचे शब्द पाडून ते वाचता आले पाहिजेत. ६५८ अक्षरांत दुसऱ्या अक्षरापासून सुरुवात केली की बरोबर २१९ शब्द होतात. मध्ये पूर्णविराम, म्हणजे प्रथिन तिथेच थांबवणारा शब्द, आला तर हा तुकडा खऱ्या जनुकाचा नसून केंद्रकात कधीकाळी जाऊन पडलेल्या, मोडक्या प्रतीचा असण्याचा संभव. पण थांबा: पूर्णविराम जागोजागी दिसत असतील तर आधी कोश, म्हणजे कुठल्या शब्दाचा अर्थ काय याची यादी, तपासावा. आपल्या केंद्रकाच्या भाषेत टीजीए म्हणजे पूर्णविराम. अपृष्ठवंशी प्राण्यांच्या मायटोकाँड्रियात तोच ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचा शब्द. संगणकावर चुकीचा कोश निवडलेला राहिल्यामुळे चांगली वाचनं कचऱ्यात जातात. जेलीफिशचा कोश पुन्हा वेगळा, आणि शेपटीवाल्या ओइकोप्ल्यूराच्या गोत्राचा आणखी वेगळा.

एवढं झाल्यावर माणूस अक्षरं जागतिक संग्रहात टाकतो, यादी खाली येते, आणि सगळ्यात वरच्या नावापुढे ९९.७ असा आकडा असतो. इथेच घाई होते. तो आकडा सांगतो की असाच तुकडा पूर्वी कोणीतरी जमा केला होता. त्याने नाव कशावरून दिलं, याबद्दल आकडा गप्प असतो. त्या नोंदीला फोटो आहे का, कवच कुठल्या संग्रहालयात ठेवलंय का, प्राणी कुठल्या समुद्रातला, नाव ठरवणारा कोण, हे उघडून बघावं. पुष्कळ नोंदींत यातलं एकही नसतं. कधीकधी एकाच नावाखाली दोन संपूर्ण वेगळे अक्षरगट सापडतात आणि एकाच अक्षरगटाला तीन नावं. बोल्ड या बारकोड संग्रहात यासाठी नावाआधी अक्षरांवरूनच गट पाडून त्यांना क्रमांक देण्याची सोय आहे, आणि ती मला प्रामाणिक वाटते. नाव माहीत नसताना क्रमांक सांगण्यात कमीपणा काय?

कोपेपॉडमध्ये एका प्रजातीच्या प्राण्यांत फरक साधारण एक-दोन टक्के, म्हणजे ६५८ पैकी सात-तेरा अक्षरं. वेगळ्या प्रजातींत तो दहा-वीस टक्के, सहज शंभरेक अक्षरं. मधली दरी रुंद असली की निर्णय सोपा. पण पॅराकॅलॅनस पार्वस घ्या. जेमतेम मिलिमीटरभराचा प्राणी, १८६३ साली युरोपातल्या नमुन्यांवरून नाव मिळालेला, आणि मग जगभरच्या किनाऱ्यांवरच्या याद्यांत, आपल्याही, त्याच नावाने शिरलेला. अक्षरं वाचल्यावर कळलं की हे नाव एका प्राण्याचं नसून दिसायला सारख्या अनेक वंशरेषांचं गाठोडं आहे. अरबी समुद्रातला ‘पार्वस’ युरोपातल्या पार्वसशी जुळला नाही, तर प्रयोग फसला असं समजू नये. फसलं असेल तर नाव. दीडशे वर्षं ते इथे पाहुणं होतं, आपण घरचं समजलो.

उत्तरेत याहून नीट तपासलेलं उदाहरण आहे. कॅलॅनस फिनमार्किकस आणि कॅलॅनस ग्लेशियालिस, पहिला उत्तर अटलांटिकचा, दुसरा आर्क्टिकचा मानलेला. पिढ्यान्‌पिढ्या ते धडाच्या लांबीवरून वेगळे केले गेले: मोठा तो ग्लेशियालिस. केंद्रकातल्या खुणा तपासल्यावर २०१७च्या सुमारास नॉर्वेच्या फ्योर्डांमध्ये, जिथे सगळे फिनमार्किकस धरले जात होते, तिथेही ग्लेशियालिस निघाला. दोघांच्या लांबीचे पल्ले एकमेकांत शिरलेले होते. आर्क्टिकचा सूचक म्हणून जो प्राणी मोजायचा, तोच मोजणीत चुकलेला. हवामानबदलाचे आलेख ज्या मोजणीवर उभे राहतात तिची ही गत, तर आपल्या खाडीतल्या ‘अनिश्चित’ ओळीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. मोजपट्टीपेक्षा ती ओळ जास्त खरी होती.

काही मंडळी बारकोडला दादच देत नाहीत. कंकतधारी, म्हणजे काचेच्या दिव्यासारखे चमकणारे कोम्ब-जेली, फॉर्मॅलिनमध्ये विरघळून जातात आणि इथेनॉलमध्ये चिंधी होतात. शिवाय त्यांचा मायटोकाँड्रियल संच इतका वेगाने बदललेला की नेहमीचे प्रायमर चिकटत नाहीत. ओइकोप्ल्यूराच्या सीओआयमध्ये टी अक्षराच्या लांबच लांब रांगा असतात, तिथे वाचणारं यंत्र अडखळतं. अशांसाठी केंद्रकातलं १८एस जनुक वापरतात. ते सगळ्यांत सहज वाचता येतं, पण इतकं सावकाश बदलतं की कुळ सांगतं, प्रजातीवर बोट ठेवत नाही.

याउलट अळ्यांच्या बाबतीत बारकोडिंगला तोड नाही. सेरॅटॅस्पिस मॉन्स्ट्रोसा हे नाव १८२८ साली जॉन एडवर्ड ग्रे यांनी एका शिंगाळ, चिलखती, राक्षसी दिसणाऱ्या कवचधारी जीवाला दिलं. तो मोठ्या माशांच्या पोटात सापडे, प्रौढ मात्र कुठेच नाही. २०१२ मध्ये मेक्सिकोच्या आखातातल्या एका नमुन्याची जनुकं जुळली ती खोल समुद्रातल्या एका लाल कोळंबीशी, जिची ओळख शास्त्राला फार आधीपासून होती. मुलाला आई सापडायला १८४ वर्षं लागली; दोघं वेगवेगळ्या नावांनी शास्त्राच्या कपाटात बसून होती. आपल्या किनाऱ्यावरच्या मासळीची अंडी आणि अळ्या ओळखायलाही हाच मार्ग, आणि त्यातून कुठली मासळी कधी, कुठे अंडी घालते ते कळतं.

आता एकेक प्राणी निवडण्याऐवजी अख्खी बाटलीच दळून लाखो तुकडे एकदम वाचायची पद्धत रूढ होत आहे. त्यासाठी ३१३ अक्षरांचा छोटा तुकडा वापरतात. यादी झपाट्याने मिळते, हे खरं. पण वाचनांची संख्या म्हणजे प्राण्यांची संख्या नव्हे: एका जेलीचा लचका हजार कोपेपॉडना झाकू शकतो. आणि यादीतली नावं शेवटी त्याच संदर्भसंग्रहातून येतात, एकेक पाय बघून बांधलेल्या. अरबी समुद्राच्या कित्येक प्रजातींची ती गाठ अजून बांधायची आहे. मेटाझूजीनसारखे संग्रह आता समुद्रवार दाखवतात की कुठल्या प्रजातीचं बारकोड आहे आणि कुठल्याचं नाही. आपल्या भागाचं पान उघडलं की कामाची यादी आयती मिळते.

म्हणून नळीच्या तळाची ती कात. पाश्चर पिपेटने उचलून ग्लिसरीनच्या थेंबात ठेवायची. सुईने शेवटचा वक्षखंड सोडवायचा, पाचवा पाय सपाट पसरायचा, आच्छादनाची काच एका कडेने टेकवून हळूहळू खाली आणायची, नाहीतर बुडबुडा नेमका पायावर बसतो. काच कवचाला चिरडू नये म्हणून चारी कोपऱ्यांना मेणाचे बारीक ठिपके. डाव्या बाजूला चिठ्ठी: पॅराकॅलॅनस, प्रजाती अनिश्चित, मादी, झुआरीचं मुख, तारीख, खोली, आणि अक्षरांच्या नोंदीचा क्रमांक, जो फोटोवर आणि नळीवरही तोच. कडा बिनरंगाच्या नेलपॉलिशने बंद करायच्या. पहिला हात पूर्ण वाळल्यावरच दुसरा. ओल्यावर ओला दिला तर तो सुरकुततो आणि ग्लिसरीन झिरपू लागतं. काही वर्षांनी कडेला बारीक तडे जातात. तेव्हा आणखी एक हात द्यायचा.